‘पर्यायच नव्हता’ म्हणजे काय? – तत्त्वचर्चेचा छोटा गट सुरू करणाऱ्यांसाठी

‘माणसाला इच्छास्वातंत्र्य असतं का?’ या प्रश्नावर आमची पहिली बैठक झाली तेव्हा आम्ही सात जण होतो. वाचनालयाची मागची खोली, रविवारची संध्याकाळ. सव्वादोन तास बोललो. कुणी कर्मसिद्धांत मांडला, कुणी मेंदूविज्ञान, कुणी गीता. उठताना प्रत्येकाचं मत येताना होतं तसंच होतं. शेजारच्याचं म्हणणं नेमकं काय होतं, हे विचारलं असतं तर एकालाही धड सांगता आलं नसतं.

दुसऱ्या बैठकीत प्रश्न तोच ठेवला, फक्त सुरुवात वेगळी केली. आमच्यातले एक निवृत्त वायरमन म्हणाले, “मी बावीस वर्षांचा असताना मुंबईची नोकरी सोडून गावी आलो. वडील अंथरुणाला खिळले होते. माझ्यापुढे पर्यायच नव्हता.” थोड्या वेळाने तेच म्हणाले, “आयुष्यात अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट मी केली.” खोलीतल्या एका मुलीने विचारलं, “काका, पर्यायच नव्हता तर अभिमान कशाचा?”

त्या एका प्रश्नावर आमच्या चार बैठका झाल्या. तुम्हालाही अशी चर्चा सुरू करायची असेल, तर पुढे लिहिलेलं सगळं याच अनुभवातून आलं आहे असं समजा.

माणसं आणि जागा

पाच ते आठ माणसं पुरतात. दहाच्या पुढे गेलं की दोघं-तिघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. व्याख्यान ऐकण्याची आपल्याला जुनी आणि चांगली सवय आहे; पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे. पण इथे वक्ता नको आहे. पॅरिसमध्ये बास्तीय चौकातल्या एका कॅफेत मार्क सोते यांनी १९९२ साली रविवारच्या तत्त्वचर्चा सुरू केल्या, तेव्हा विषय जमलेल्या लोकांतूनच घेतला जाई. ती पद्धत छोट्या गटाला फार मानवते. गोल बसा, दीड तास ठेवा, चहा शेवटी घ्या. मध्ये चहा आला की धागा तुटतो, हे आम्ही तीनदा अनुभवलं.

वेगवेगळ्या वयाची आणि कामांची माणसं मिळवायचा प्रयत्न करा. सगळे एकाच शिक्षणाचे असले की सगळ्यांच्या आंधळ्या जागाही एकच असतात.

सुरुवात एका घडून गेलेल्या प्रसंगापासून

लिओनार्ड नेल्सन या जर्मन तत्त्वज्ञाने १९२२ साली ग्योटिंगेनमध्ये सॉक्रेटिसच्या पद्धतीवर भाषण दिलं होतं. त्याचा आग्रह असा, की शिकवणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. अनुभवातल्या एखाद्या ठोस निवाड्यापासून निघायचं आणि त्या निवाड्यामागे आपण काय काय गृहीत धरलं होतं ते मागे मागे जात शोधायचं. त्याच्या परंपरेत आजही अशा बैठका होतात आणि त्यांत ग्रंथाचा किंवा थोर माणसाचा हवाला देऊन बोलता येत नाही. स्वतःच्या अनुभवावरच उभं राहावं लागतं.

म्हणून पहिल्या बैठकीच्या आधी प्रत्येकाला एक प्रसंग आणायला सांगा. प्रसंग स्वतःचा हवा. तो घडून गेलेला हवा. चालू असलेला घटस्फोट किंवा परवाचं भावकीतलं भांडण नको, कारण त्यावर माणूस मोकळेपणाने प्रश्न झेलू शकत नाही. आणि तो पाच मिनिटांत सांगता यायला हवा. शिक्षणाची शाखा निवडणं, व्यसन सोडणं, लग्नाला होकार देणं, राग गिळणं, काहीही चालेल. गट त्यातला एक निवडतो आणि सांगणाऱ्याला फक्त तपशील विचारतो. कधी ठरवलं? दुसरं काय करता आलं असतं? ते का केलं नाही? मतं अजून नाहीत.

वायरमनकाकांना असेच तपशील विचारताना कळलं की त्यांना एक धाकटा भाऊ होता, तोही मुंबईत होता आणि तो आला नाही. वडील तर दोघांचेही तेच. मग ‘पर्याय नव्हता’ हे परिस्थितीबद्दलचं विधान होतं की काकांबद्दलचं? काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गाडी होती, पैसे होते, न येणं शक्य होतं. पण मी न येणारा माणूस नव्हतो.”

एवढं हाती आलं की सावकाश चला. ‘पर्याय नव्हता’ या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या. एक, दार बंद असणं. दुसरी, दार उघडं असूनही त्यातून जाणं आपल्याच्याने न होणं. पहिलीत स्वातंत्र्य हरवतं हे बहुतेकांना पटतं. दुसरीत ते हरवतं, की तिथेच ते सर्वांत जास्त दिसतं? काकांचा अभिमान दुसऱ्या बाजूने साक्ष देत होता. पण लगेच आमच्यातला एक विद्यार्थी म्हणाला, “‘मी असा माणूस’ हे तरी तुम्ही कधी निवडलंत?” हीच या वादाची खरी गाठ आहे. पुस्तक न उघडता ती आमच्या हाती लागली.

इथे एक पथ्य पाळा. प्रश्न प्रसंगाला विचारायचे. माणसाचा निवाडा करायचा नाही. धाकट्या भावाला आमच्यातल्या एकाने ‘स्वार्थी’ म्हटलं आणि त्या दिवशीची चर्चा तिथेच संपली.

शब्द निवडून वेगळे करा

मराठीत हा विषय बोलताना सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून एक अख्खी बैठक यालाच द्या. नशीब, दैव, प्रारब्ध, नियती, योग हे शब्द आपण एकाच्या जागी दुसरा सहज वापरतो. पण प्रत्येकाचा दावा वेगळा आहे.

‘योग’ म्हणताना आपण जुळून येण्याबद्दल बोलतो: बस चुकली आणि स्टँडवर जुना मित्र भेटला. ‘नशीब’ अरबीतून आलेला, मूळ अर्थ वाटा, हिस्सा. आपल्या वाट्याला काय आलं एवढंच तो सांगतो, का आलं ते सांगत नाही. ‘प्रारब्ध’ मात्र का ते सांगतो. वेदान्तात संचित (साठलेलं), प्रारब्ध (फळ देऊ लागलेलं) आणि क्रियमाण (आत्ता करत असलेलं) अशी कर्माची विभागणी आहे आणि त्यासाठी बाणाचा दृष्टान्त देतात: भात्यातला बाण, सुटलेला बाण, हातात धरलेला बाण. म्हणजे प्रारब्ध मानणारा माणूस हातातल्या बाणाबद्दल स्वातंत्र्य मानूनच बोलत असतो. ‘सगळं प्रारब्ध आहे’ असं कुणी म्हणालं तर विचारा, क्रियमाण कुठे गेलं?

‘नियती’चं टोकाचं रूप आजीवक या बुद्धकाळच्या पंथातल्या मक्खलि गोसालाने मांडलं. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात त्याचं मत नोंदलेलं आहे: फेकलेला सुताचा गुंडा जसा पूर्ण उलगडेपर्यंत जातो, तसे मूर्ख आणि पंडित दोघेही ठरलेला फेरा पुरा करूनच दुःखातून सुटतात, मध्ये पुण्य करून काही घटत-वाढत नाही. आपल्याकडे बाळाच्या पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती रात्री येऊन कपाळी लिहिते, ही कल्पना याच घराण्यातली.

आता यांच्या शेजारी विज्ञानातला नियतत्ववाद, म्हणजे प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी ठरते हे मत, ठेवा. १८१४ साली फ्रेंच गणिती लाप्लासने लिहिलं की विश्वातल्या सर्व शक्ती आणि सर्व वस्तूंची स्थिती एका क्षणी जाणणाऱ्या बुद्धीला भूत आणि भविष्य दोन्ही स्पष्ट दिसतील. नवखे लोक याला सटवाईचाच लेख समजतात, आणि इथे चर्चा घसरते. सटवाईच्या लेखात तुम्ही काहीही केलंत तरी शेवट तोच असतो. लाप्लासच्या जगात शेवट तुमच्या करण्यातून जातो. करणं वगळलं तर शेवटही बदलतो.

हा फरक समजवायला आम्ही ‘आयुष्याची दोरी’ घेतो. दोरी बळकट असेल तर डॉक्टर बोलावला नाही तरी वाचेल, नसेल तर बोलावूनही जाईल. मग बोलवायचा कशाला? ग्रीक लोक याला आळशी युक्तिवाद म्हणत. स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपसचं उत्तर रोमन लेखक सिसेरोने नोंदवून ठेवलं आहे: वाचणं ठरलेलं असेल तर डॉक्टरला बोलावणंही त्यासोबतच ठरलेलं असेल. गटातल्या प्रत्येकाला हे उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. ज्याला जमत नाही त्याला कमी लेखू नका. मला स्वतःला ते दोन आठवड्यांनी नीट कळलं.

बाहेरून कडी: एक विचारप्रयोग

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९० साली एक उदाहरण दिलं. झोपेतल्या माणसाला उचलून एका खोलीत नेलं. तिथे त्याला ज्याची फार आठवण येत होती तो मित्र आहे. दाराला बाहेरून कुलूप. हा जागा होतो, आनंदाने गप्पा मारत बसतो, दाराकडे बघतही नाही. तो स्वखुशीने थांबला आहे का? हो. तो जायला मोकळा आहे का? नाही.

आधी हात वर करून मत घ्या, मग कारणं विचारा. १९६९ साली अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्टने याच वळणाची उदाहरणं रचून विचारलं, की दुसरं काही करणं शक्यच नव्हतं तरी माणूस आपल्या कृतीला जबाबदार असू शकतो ना? आमच्या गटात यावर कायम निम्मे-निम्मे होतात. माझं मत आता असं आहे की जबाबदारीला उघडं दार लागत नाही. आपण आपल्या कारणांनी थांबलो होतो एवढं पुरतं. पण ‘ती कारणं आपली कशावरून’ या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही, आणि हे मी बैठकीत तसंच सांगतो.

वाद कसा घालायचा

न्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात दोन्ही बाजू प्रमाण आणि तर्काने सत्य शोधतात. जल्पात जिंकणं हा हेतू असतो, त्यासाठी शब्दच्छलही चालतो. वितंडेत स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायची. मराठीने रोजच्या वापरात ‘वितंडवाद’ उचलला. तरी सूत्रकार जल्प-वितंडेलाही एक जागा देतात: कोवळ्या कोंबाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसा त्यांचा उपयोग. आपल्या गटात मात्र बाहेरचं जनावर शिरलेलं नाही, तेव्हा कुंपणाची गरज नाही.

आमचा सगळ्यात उपयोगी नियम याच परंपरेतून आला. समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि तो “हो, हेच” म्हणाला तरच पुढे जायचं. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष नाही. न्यायात वादात हरण्याच्या बावीस जागा, म्हणजे निग्रहस्थानं, सांगितली आहेत. त्यांतलं एक आहे ‘अननुभाषण’: सभेला समजलेलं, तीनदा सांगितलेलं म्हणणंही ज्याला परत सांगता येत नाही तो हरला. १९८३ साली पुण्यात दया कृष्ण, मे. पुं. रेगे आणि इतरांच्या पुढाकाराने पारंपरिक नैयायिक (न्यायपरंपरेचे) पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञानाचे अभ्यासक समोरासमोर बसले होते, विषय होता ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलची ‘विधान’ ही कल्पना. रसेल आधी पंडितांच्या भाषेत मांडावा लागला, मगच बोलणं सुरू झालं. एवढ्या मोठ्या माणसांना ते करावं लागलं, तर आपल्यालाही लागणारच.

शब्दच्छल ओळखायला शिका. जुनं उदाहरण ‘नवकंबल’चं आहे. कुणी म्हणतो, “हा मुलगा नवकंबल आहे,” म्हणजे त्याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा ‘नव’चा अर्थ नऊ घेऊन विचारतो, “नऊ कुठे, एकच दिसतं!” आपल्या विषयात ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचं रोज हेच होतं. एक जण सक्ती नसण्याबद्दल बोलतो, दुसरा कारण नसण्याबद्दल. दोघंही बरोबर असू शकतात आणि तासभर भांडू शकतात. अशा वेळी कुणीतरी “नऊ की नवं?” एवढंच विचारायचं. आमच्याकडे ही आता खूणच झाली आहे.

बैठक सांभाळायला दर वेळी वेगळा माणूस नेमा. त्याने स्वतःचं मत त्या दिवशी मांडायचं नाही. न बोललेल्याला आधी बोलावणं, आणि ‘आपण कुठे आहोत’ हे दर वीस मिनिटांनी एका वाक्यात सांगणं, एवढी दोन कामं.

विज्ञानाचा दाखला आणि ग्रंथाचा दाखला

कुणीतरी लिबेटचा प्रयोग आणणारच, तेव्हा तो नीट माहीत असू द्या. १९८३ साली बेंजामिन लिबेट आणि सहकाऱ्यांनी लोकांना वेगाने फिरणाऱ्या ठिपक्याच्या घड्याळासमोर बसवलं. मनात येईल तेव्हा मनगट हलवायचं, आणि हलवावंसं वाटलं तेव्हा ठिपका कुठे होता ते सांगायचं. मेंदूतली विद्युत हालचाल कृतीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली; इच्छेची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधीची. ‘मेंदू आधी ठरवतो, आपल्याला नंतर कळतं’ असं यावरून सांगितलं जातं. पण शेवटच्या क्षणी थांबण्याची मुभा जाणिवेकडे उरते, असं लिबेट स्वतः मानत होते. २०१२ साली आरॉन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कृतीआधी वाढत जाणारी ती विद्युत चढण म्हणजे निर्णयच असेल असं नाही. मेंदूतले आपोआपचे चढउतार अनेक वेळा एकत्र करून पाहिले तरी तशीच चढण दिसते. आणि काकांसारखा प्रश्न तर उरतोच: मनगट हलवणं आणि बापासाठी नोकरी सोडणं हे एकाच जातीचे निर्णय आहेत का? माझ्या मते नाहीत. दुसऱ्यात महिनोन्महिन्यांचा विचार आहे, आणि पहिल्यात मुद्दाम काहीच विचार करायचा नसतो.

ग्रंथ दुसऱ्या टप्प्यावर आणा, प्रसंगावर पुरेसं बोलून झाल्यावर. त्यासाठी गीतेचा अठरावा अध्याय फार चांगला. एकसष्टाव्या श्लोकात ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो, आणि लगेच त्रेसष्टाव्यात कृष्ण म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’: पुरा विचार कर आणि हवं तसं कर. मध्ये एकच श्लोक. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे, यावर एक बैठक सहज होते. टिळकांच्या गीतारहस्यातलं दहावं प्रकरण कर्मविपाक (कर्माची फळं) आणि आत्मस्वातंत्र्य यांवरच आहे. ते आधी वाचून येणारा एक तरी माणूस गटात असावा. तुकोबांचं ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ कुणी म्हटलं, तर त्यांचंच ‘असाध्य ते साध्य करिता सायास’ शेजारी ठेवा. दाखला देणाऱ्याने तो आपल्या प्रसंगाला कसा लागतो ते सांगायचं. नुसता श्लोक म्हणून थांबायचं नाही.

वास्तव आणि अस्तित्व

‘जग खरं आहे का’ हा प्रश्न नवख्या गटाने लगेच घेऊ नये. घ्यायचाच तर अंधारातल्या दोरीपासून सुरू करा. दोरी साप वाटली. साप नव्हताच, पण भीती खरी होती, घामही खरा. दिवा आणल्यावर साप गेला. आता विचारा: ज्या ज्ञानाने सापाचं खोटेपण कळलं, तेही पुढे कधी असंच खोटं ठरू शकेल का? फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४१ मध्ये ‘हे सगळं स्वप्न तर नाही ना’ अशी जी शंका घेतली, तीही इथून समजायला सोपी जाते.

‘जगायचं कशासाठी’ या प्रश्नाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचं आहे. हा प्रश्न कुणी अभ्यास म्हणून विचारतं आणि कुणी खरंच बुडत असताना विचारतं. दोन्ही वेळी शब्द तेच असतात. एखादा माणूस गेले काही आठवडे गप्प झाला असेल, झोप नाही म्हणत असेल, आणि बैठकीत ‘नसलेलंच बरं’ असं बोलला, तर त्याला प्रतिवाद करू नका. चर्चा तिथे थांबवा, दुसरा विषय घ्या, आणि बैठकीनंतर एकाने त्याच्यासोबत चालत घरापर्यंत जा. सरळ विचारा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

नोंदवही आणि पहिले तीन रविवार

एक साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक बैठकीनंतर तीन ओळी लिहा: प्रश्न काय होता, कुणाचं मत कशामुळे हललं, काय सुटलं नाही. आमच्या वहीत ‘मत हललं’ या रकान्यात पहिले चार महिने काहीच नव्हतं. नंतर एकदा वायरमनकाकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘भावाबद्दल.’ आम्ही त्यांना पुढे काही विचारलं नाही.

पहिल्या रविवारी प्रत्येकाचा एक प्रसंग ऐका आणि त्यातला एक निवडा. दुसऱ्या रविवारी त्याच प्रसंगावर नशीब, प्रारब्ध, नियती, योग हे शब्द एकेक लावून बघा. कुठला बसतो, कुठला बसत नाही. तिसऱ्या रविवारी बाहेरून कडी घाला, आणि ज्याने प्रसंग सांगितला होता त्याला विचारा: दार बंद होतं हे तुम्हाला आज कळलं असतं, तर त्या दिवशीच्या तुमच्या निर्णयाला तुम्ही अजूनही आपला म्हणाल का?